पहिल्या वाचनाला नाही

आमचा दादा जनरल रिलेटिव्हिटी शिकणार आहे. पुस्तक ठरलं की लगेच.

दादा वीज मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाला. निवृत्तीनंतर माणसं काय काय करतात ते आपण बघतोच. कोणी सोसायटीच्या कमिटीत शिरून पाण्याच्या टँकरचा हिशोब मागतं, कोणी नर्मदा परिक्रमेला निघतं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर वैद्यकी सुरू करतं. दादाने निरोपसमारंभाच्या भाषणातच सांगून टाकलं, की आता आइन्स्टाइन समजून घ्यायचा, आणि तोही गोष्टींतून नाही, गणितातून. "लिफ्टच्या आणि ताणलेल्या चादरीच्या गोष्टी आयुष्यभर ऐकल्या. आता समीकरणं." टाळ्या पडल्या. वहिनीनेही वाजवल्या. तिने या विषयावर वाजवलेल्या त्या शेवटच्या टाळ्या.

तेव्हापासून पुस्तक निवडणं चालू आहे.

नवीन पुस्तक घरी आलं की त्याचे सोपस्कार ठरलेले आहेत. कुरियरवाल्याच्या समोरच खोकं उघडायचं, कोपरे दुमडलेत का ते बघायचं. मग हात धुऊन प्रस्तावना वाचायची, उभ्यानेच. मग चष्मा बदलून अनुक्रमणिका, हातात पट्टी आणि पेन्सिल. मग शेवटची सूची उघडून वक्र अवकाशाच्या गणितातला 'क्रिस्टोफेल' कितव्या पानावर येतो ते पाहायचं. शंभराच्या आत आला तर लेखक उतावळा, दोनशेच्या पुढे गेला तर पाल्हाळिक. मग खाकी कव्हर, मग पहिल्या पानावर शाईच्या पेनाने नाव आणि तारीख. हे सगळं झालं की दादा खुर्चीत बसतो, पुस्तक मांडीवर घेतो, आणि निकाल देतो. निकालही ठरलेला आहे.

"पुस्तक उत्तम आहे. पण पहिल्या वाचनाला नाही."

दिवाणखान्यातल्या कपाटात पूर्वी वहिनीच्या माहेरची चांदीची भांडी आणि भाच्याचे कॅरमचे चषक असायचे. ते आता माळ्यावर आहेत. तिथे सध्या व्यापक सापेक्षतेचं असं एकही नावाजलेलं पाठ्यपुस्तक नाही जे नाही, आणि त्यातलं एकही पहिल्या वाचनाला नाही.

मुख्य मूर्ती म्हणजे मिस्नर, थॉर्न आणि व्हीलर या तिघांचं 'ग्रॅव्हिटेशन'. १९७३ सालचं, काळ्या कव्हरचं, बाराशेहून अधिक पानांचं. वहिनीने एकदा ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं, तर काटा अडीच किलोपाशी गेला. लेखकांनी विद्यार्थ्याची दया येऊन पुस्तकात दोन वाटा आखून दिल्यात. पहिली वाट नवख्यांसाठी, दुसरी मुरलेल्यांसाठी, आणि कुठलं पान कुठल्या वाटेवर ते तिथेच छापलेलं आहे. दादाने तरीही दोन रंगांचे चिकटकागद आणून सगळ्या पानांवर खुणा केल्या. पिवळा पहिल्या वाटेला, गुलाबी दुसऱ्या वाटेला. त्यात एक अख्खा पावसाळा गेला. "आता वाचायला घे," मी म्हटलं. "आता सोपं झालं," दादा म्हणाला, आणि वाइनबर्गचं पुस्तक मागवलं.

वाइनबर्गचं त्याच्या आदल्या वर्षीचं, १९७२ चं. दादा मला समजावून सांगतो, की वाइनबर्गने भूमितीला मुद्दाम मागच्या बाकावर बसवलंय, आणि या तिघांना भूमितीवाचून चैन पडत नाही. दोन्ही पुस्तकं एकाच विषयावरची, वर्षभराच्या अंतराने आलेली, आणि एकमेकांकडे पाठ करून बसलेली. आता पहिल्या वाचनाला कुठली बाजू घ्यायची? "चुकीच्या बाजूने शिरलो तर आयुष्यभर तसाच विचार करत राहीन," दादा म्हणतो. दादा अडुसष्ट वर्षांचा आहे.

मग हार्टल. २००३ चं. हे पुस्तक पदार्थविज्ञान आधी आणि गणित मागाहून अशा बेताचं आहे. कृष्णविवरं, बुधाची कक्षा, प्रकाशाचं वळणं, सगळं आधी येतं. आइन्स्टाइनचं मूळ समीकरण पार शेवटाकडे. ज्याला स्वतःचं स्वतः शिकायचंय त्याला हे फार सोयीचं, असं जाणकार सांगतात. दादाला ते पटत नाही. "आधी प्रसाद आणि मग पूजा?" तरी त्याने ते घेतलं. आधी भारतीय आवृत्ती घेतली. तिच्या कागदातून मागची आकृती दिसते म्हणून मग परदेशी आवृत्तीही घेतली. हार्टलच्या दोन प्रती घरात आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवा.

शॉन कॅरोलची १९९७ सालची टिपणं फुकट मिळतात, ती दादाने चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून, स्पायरल मारून आणली. दुकानातल्या मुलाने पानं चाळून विचारलं, "काका, एमपीएससीचं का?" दादा तिथे पाऊण तास होता. मागची रांग गेटच्या बाहेर गेली. मुलाला टेन्सर समजला की नाही माहीत नाही, पण तो पैसे घ्यायला विसरला, आणि दादा दुसऱ्या दिवशी जाऊन देऊन आला. तेव्हाही पाऊण तास.

डि'इन्व्हर्नोच्या पुस्तकावर दादाचा विशेष जीव. त्याचं पहिलं प्रकरणच मुळी 'या पुस्तकाची रचना' असं आहे. म्हणजे पुस्तक कसं वाचावं याबद्दलच पुस्तकाने प्रकरण लिहिलंय. दादाला हे लिहिणारा आपल्या जातीचा वाटला. त्या प्रकरणाच्या शेवटी एक छोटा भाग आहे: कमी कुवतीच्या विद्यार्थ्यासाठी अखेरची सूचना. "हे आपल्यासाठी नाही," असं दादा म्हणाला खरा. पण ते पुस्तक हातात घेतलं की आपोआप त्याच पानावर उघडतं.

आणि शुट्झ. शुट्झची कथा थोडी लांब आहे, कारण ती दादाच्या तरुणपणापासूनची आहे. 'अ फर्स्ट कोर्स इन जनरल रिलेटिव्हिटी' १९८५ साली आलं तेव्हा दादा परळीच्या औष्णिक केंद्रात नवा नवा होता. मित्राकडे त्याने ते पाहिलं, आणि ठरवलं की दुसरी आवृत्ती निघाली की घ्यायचं, पहिलीत छपाईच्या चुका असतात. दुसरी आवृत्ती २००९ साली निघाली. तोवर दादाची डोक्यावरची निम्मी शेती उजाड झाली होती आणि भाचा बारावीला होता. "तिसरीत गुरुत्वलहरी नीट येतील," दादा म्हणाला. तो बरोबर निघाला. २०१५ साली लहरी सापडल्या, २०२२ साली तिसरी आवृत्ती निघाली, दादाने घेतली, कव्हर घातलं. एका पुस्तकाच्या तीन आवृत्त्यांची इतक्या निष्ठेने वाट पाहणारा वाचक खुद्द शुट्झसाहेबांनाही माहीत नसेल. परवा मी विचारलं तर म्हणाला, "चौथीत बहुतेक सुधारतील."

"काय सुधारतील?"

"ते वाचल्यावर कळेल."

बाकी फुटकळ मंडळी पटकन सांगते. झी: आठशेवर पानं, बोलका माणूस, पण "शिकवणाऱ्याने इतके विनोद करू नयेत." पद्मनाभन: पुण्यात राहून आयुकाच्या माणसाचं पुस्तक घरात नाही म्हणजे काय, म्हणून घेतलं, जाड आहे. भाच्याने वाढदिवसाला न्यू जर्सीहून हॉकिंग आणि एलिस यांचं पुस्तक पाठवलं, बिचाऱ्याला हॉकिंग हे एकच नाव ओळखीचं वाटलं. दादाने चार पानं उलटली, बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "हे दुसऱ्या वाचनालाही नाही."

आता कोणी म्हणेल, यात नवल काय, अशी माणसं घरोघरी असतात. असतातच. मॅरेथॉनच्या आधी बुटांचा तौलनिक अभ्यास करणारे, पेटी शिकायच्या आधी जर्मन सूर की पॅरिस सूर यावर वर्ष घालवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. आमच्या घरात तर हे वडिलोपार्जित आहे. आमचे अप्पा ज्ञानेश्वरी वाचणार होते. साखरे महाराजांची प्रत, दांडेकरांची प्रत, राजवाड्यांची प्रत, अशा सगळ्या त्यांनी जमवल्या आणि एकेका ओवीचे पाठभेद निळ्या पेन्सिलीने समासात मांडले. सहाव्या अध्यायापर्यंत पोचले असतील. पण कुठल्या प्रतीत कुठला शब्द कसा आहे हे विचारायला कीर्तनकार आमच्याकडे यायचे, हेही खरं.

दादाचा मुख्य मुद्दा पायाचा. "पाया कच्चा राहायला नको" हे त्याचं दुसरं लाडकं वाक्य. वॉल्डचं १९८४ चं पुस्तक त्याने असंच गंभीरपणे उघडलं होतं. दुसऱ्याच प्रकरणात मॅनिफोल्ड आले. त्यासाठी टोपॉलॉजी लागते, ती परिशिष्टात आहे. परिशिष्ट वाचून दादाला वाटलं, हे त्रोटक आहे. म्हणून टोपॉलॉजीचं मंक्रेसचं पुस्तक आणलं. ते संचांपासून सुरू होतं. संच आपण कधी नीट शिकलोच नाही, असं दादाच्या ध्यानात आलं, कारण आमच्या वेळचे गणिताचे सर संचांच्या आठवड्यात लग्नाला गेले होते. शेवटी एका रविवारी मी गेले तर दादा शेजारच्या मुलीचं अकरावीचं गणिताचं पुस्तक घेऊन व्हेन आकृत्या काढत बसलेला. आइन्स्टाइनकडे निघालेला माणूस अशा रीतीने ज्युनियर कॉलेजात पोचला होता. मुलीला दुसऱ्या दिवशी चाचणी होती. तिची आई दोनदा दारात येऊन गेली.

याहून मागे तो एकदाच गेला. कुठेतरी त्याच्या वाचनात आलं, की सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा या दोन तरुण प्राध्यापकांनी आइन्स्टाइनचे मूळ निबंध जर्मनमधून इंग्रजीत आणले आणि कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० साली छापले. झालं. मूळ जर्मनमधूनच वाचावं का, या प्रश्नाने दादाला पछाडलं. मॅक्सम्युलर भवनात जाऊन पहिल्या पातळीचा अर्ज आणला. वहिनीने तो अर्ज वीजबिलाच्या फाइलमध्ये घातला आणि तिथे तो अजून सुरक्षित आहे.

मी एकदा न राहवून म्हटलं, "दादा, आइन्स्टाइनने स्वतः कुठलं पुस्तक वाचलं होतं?"

दादा याच प्रश्नाची वाट पाहत असल्यासारखा उठला. १९१२ साली आइन्स्टाइन झुरिकला परतला तेव्हा त्याला वक्र अवकाशाचं गणित येत नव्हतं. कॉलेजातला मित्र मार्सेल ग्रॉसमन तिथे भूमितीचा प्राध्यापक होता. त्याने रीमानचं, रिची आणि लेव्ही-चिव्हिताचं काम शोधून याच्या पुढ्यात ठेवलं. "आइन्स्टाइनला ग्रॉसमन होता. मला कोण आहे?" शिवाय १९०७ साली कल्पना सुचली आणि समीकरण नोव्हेंबर १९१५ मध्ये हाती आलं. "त्याला आठ वर्षं लागली. मी तर अजून नुसतं पुस्तक निवडतोय."

"त्याला पुस्तक निवडायचं नव्हतं, म्हणून आठ वर्षांत झालं," वहिनी आतून म्हणाली.

मीही भर घातली, की कार्ल श्वार्झशिल्ड नावाचा माणूस पहिल्या महायुद्धात रशियन आघाडीवर होता, आइन्स्टाइनचं काम नोव्हेंबरात छापून आलं आणि डिसेंबर संपायच्या आत याने त्या समीकरणाचं पहिलं अचूक उत्तर काढून पत्राने पाठवलं. तुला निदान डायनिंग टेबल आहे. दादा दुखावला. हे मला त्यानेच सांगितलेलं होतं.

ग्रॉसमन नाही असंही नाही. वेताळ टेकडीवर सकाळी दादाच्या सोबत एक सर असतात, पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ते लान्दाऊ-लिफशित्झच्या पुस्तकाचे पक्षपाती. त्या पुस्तकाचा निम्मा भाग विद्युतचुंबकीय क्षेत्रांवर आहे, गुरुत्वाकर्षण त्यानंतर येतं. दादाचा जन्म विजेत गेला, तेव्हा हे त्याला मानवायला हवं. पण त्यात अधिक-उणेची पंचाईत आहे. या विषयात काळ आणि अवकाश यांना विरुद्ध चिन्हं द्यावी लागतात. लान्दाऊ काळाला अधिक देतो आणि अवकाशाच्या तिन्ही दिशांना उणे. मिस्नर-थॉर्न-व्हीलर, शुट्झ, वॉल्ड, कॅरोल, हार्टल सगळे नेमके उलट. डिरॅक आणि डि'इन्व्हर्नो पुन्हा लान्दाऊच्या बाजूला. वाइनबर्ग या बाबतीत बहुमताबरोबर, पण वक्रतेचं चिन्ह मात्र स्वतःचं. हा गोंधळ इतका जुना आहे, की 'ग्रॅव्हिटेशन'च्या कव्हराच्या आतल्या पानावर कोणत्या लेखकाची चिन्हं कोणती याचा तक्ताच छापलाय. दादाने तो झेरॉक्स करून लॅमिनेट केला आणि खिशात ठेवतो. टेकडीवर दोघं त्या तक्त्यावरून इतक्या तावातावाने बोलतात, की हास्यक्लबवाले हसायचे थांबून बघतात.

सरांचं म्हणणं साधं आहे. "कुठलंही घ्या हो. पंचवीस पानं वाचा आणि शेवटची गणितं सोडवा. नाही आवडलं तर दुसरं घ्या. गणितं सोडवल्याशिवाय कुठल्याच पुस्तकात काही नाही." चाळीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस हे सांगतो, आणि दादा घरी येऊन म्हणतो, "सर माणूस चांगले आहेत, पण पुस्तकांचा अभ्यास नाही."

आता आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची बैठक सांगते, कारण त्या दिवशी दादाच्या संग्रहाचा समाजाला प्रथमच उपयोग झाला. बैठक दादाकडे होती. बिल्डरचा माणूस आणि आर्किटेक्ट नकाशाची ही मोठी गुंडाळी घेऊन आले. जुनी तीन मजली इमारत पाडून सात मजली होणार. गुंडाळी टेबलावर पसरली की पुन्हा गुंडाळायची. वहिनीने काही न बोलता कपाट उघडलं आणि चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली: एकीकडे 'ग्रॅव्हिटेशन', एकीकडे झी, एकीकडे वाइनबर्ग, आणि चौथ्या कोपऱ्यावर हाताला आलं ते डिरॅक. डिरॅकचं पुस्तक सत्तरएक पानांचं. त्या माणसाने व्यापक सापेक्षता तेवढ्यात संपवलीय. त्यामुळे तीन कोपरे सपाट आणि चौथा सारखा उठतोय, आणि त्याच कोपऱ्यात नेमकं पार्किंग.

बिल्डरच्या माणसाने विचारलं, "काका, आपल्याला कितवा मजला हवा?" दादा म्हणाला, "त्यात एक गोष्ट विचारात घ्यायला हवी. वरच्या मजल्यावर वय लवकर वाढतं."

शांतता पसरली. बैठकीतले बहुतेक जण सत्तरीच्या आसपासचे. दादाने सांगितलं, की गुरुत्वाकर्षण जिथे जास्त तिथे घड्याळ हळू चालतं, म्हणजे जमिनीलगत हळू, वर जलद. हे कोणाचं मत नव्हे. पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या इमारतीत साडेबावीस मीटर उंचीत १९६० साली मोजून दाखवलंय. "साडेबावीस मीटर म्हणजे आपला सातवा मजला." आपल्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळं रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ती दुरुस्त केली नाहीत तर रोज दहाएक किलोमीटरची चूक साचेल. बोलायला लागला की दादा काय सुरेख सांगतो! ना अडखळणं, ना अवघड शब्द. आर्किटेक्टनेही पेन खाली ठेवलं. पण सांगून होईपर्यंत दोन आजींनी सातवा मजला नको म्हणून सेक्रेटरींकडे नावं दिली, जोशीकाका पहिल्याच मजल्यासाठी हटून बसले, आणि बिल्डरच्या माणसाचा चेहरा बघवेना. वरच्या मजल्यांना त्याने जास्त दर लावले होते.

शेवटी मीच विचारलं, "दादा, किती वाढतं वय?"

"ऐंशी वर्षांत? सेकंदाचे सहाएक दशलक्षांश."

हे त्याने आधी सांगायला हवं होतं, असं सेक्रेटरींनी इतिवृत्तात नोंदवलं आहे.

मला त्या दिवशी एक मात्र दिसलं. दादाने यातलं एकही पुस्तक तडीस नेलेलं नाही. पण इतक्या लेखकांच्या प्रस्तावना आणि पहिली प्रकरणं वाचून वाचून, कोण कुठून निघतो, का निघतो, कशाला टाळतो, यावर घासून घासून त्याला बरंच काही समजलंय. विशेष सापेक्षता तर त्याला तोंडपाठ आहे, कारण बहुतेक पुस्तकांची सुरुवात तीच असते. समीकरणं तेवढी राहिलीत.

औंढा नागनाथलाही असंच झालं. हिंगोली जिल्ह्यातल्या त्या परिसरात गुरुत्वलहरी पकडणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहायची आहे, केंद्र सरकारने २०२३ साली २६०० कोटी मंजूर केलेत. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा, आणि प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतका फरक पकडायचा. आम्ही गेलो ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला. वहिनी आणि मी रांगेत, आणि दादा बाहेर रसवंतीवाल्याला सांगतोय, की दोन कृष्णविवरं एकमेकांवर आपटली की इथे तुझा चरक सुद्धा किंचित लांबतो. रसवंतीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, पोराला काम लागंल का तिथं?" दादा विचारात पडला. परतीच्या वाटेवर मला म्हणाला, "त्याच्या पोराला देता येईल असं मराठीत एकही पाठ्यपुस्तक नाही." मग बराच वेळ बोलला नाही.

मराठीवरून आठवलं. नारळीकरांचं 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू रिलेटिव्हिटी' कपाटात नाही, ते पलंगाजवळच्या फळीवर आहे, 'यक्षांची देणगी'च्या शेजारी. कॉलेजात असताना ते गोष्टींचं पुस्तक दादाने रात्रभर जागून वाचलं होतं, आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. पुढे आयुकातल्या त्यांच्या व्याख्यानांना तो जायचा आणि आधी तिथल्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांच्या पुतळ्यांना एक फेरी मारायचा. या एका पुस्तकाला त्याने कधी 'पहिल्या वाचनाला नाही' म्हटलं नाही. फक्त एक शंका होती: नारळीकर महास्फोटाच्या सिद्धांताशी आयुष्यभर भांडले, तेव्हा विश्वरचनेकडे आपण आधीच त्यांच्या नजरेने बघायला लागलो तर? म्हणून ते बाजूला होतं.

२०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्या संध्याकाळी मी गेले तर डायनिंग टेबलावर ते पुस्तक उघडं, शेजारी दोनशे पानी वही, आणि दादा गोलाच्या पृष्ठभागासाठी क्रिस्टोफेल काढत बसलेला. कव्हर नाही, पट्टी नाही, चिकटकागद नाहीत. चहा गार झालेला. एकूण आठ निघतात, त्यातले पाच शून्य, तीन उरतात. दादाचे तीन उरले होते. त्यातल्या एकाला उणे चिन्ह हवं, ते अधिक आलं होतं.

"दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकाच्या संकेतात हे बरोबर असणार," दादा म्हणाला, आणि खिशातला लॅमिनेट केलेला तक्ता काढला. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. तिथे कोणी असा बचाव केला असता तर त्याला घरी बसवलं असतं. तक्त्यातला एकही लेखक दादाच्या बाजूने उभा राहीना. रात्री साडेनवाला त्याने टेकडीवाल्या सरांना फोन लावला, ओळ न् ओळ वाचून दाखवली, आणि तिसऱ्या ओळीत चूक सापडली. सर फोनवर इतके खूश झाले, की आम्हाला टेबलापर्यंत ऐकू आलं. एवढ्या वर्षांत दादाने त्यांना पहिल्यांदाच पुस्तकाबद्दल सोडून गणिताबद्दल काही विचारलं होतं.

आता सगळं सुरळीत झालं असेल असं तुम्हाला वाटेल. दुसऱ्या आठवड्यात मी गेले तर दादा म्हणाला, की त्या संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं, आपली खरी अडचण सरावाची आहे. तेव्हा फक्त सोडवायच्या गणितांचं असं एखादं चांगलं पुस्तक हवं. टॉमस मूरचं एक कार्यपुस्तक आहे, २०१३ चं, त्यात जागा सोडलेल्या असतात, आपणच भरायच्या. मागवलंय. आलं की बघू.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाला हा विषय खरोखरच शिकायचा असेल, तर सरांचा सल्ला वर दिलेलाच आहे, आणि हार्टलची एक प्रत आमच्याकडे जास्तीची आहे. भारतीय आवृत्ती, खाकी कव्हरसकट, प्रस्तावनेपुढे कोरी. येऊन घेऊन जा, वहिनीची परवानगी आहे. फक्त सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान या. तेव्हा दादा टेकडीवर असतो.